परातीतला ज्वरासुर

"निघाला! निघाला!"

चिंचखळ्याच्या देवळासमोरच्या मंडपात एकच गलका उठला आणि मागच्या बायका पुढच्यांच्या खांद्यांवरून वाकल्या. पितळेच्या परातीत हळदीचं पिवळं पाणी, त्या पाण्यात सहा वर्षांच्या ऋत्विकचे बारके पाय, आणि त्या पायांच्या मधून चिखलाच्या रंगाचं, सहा तंगड्यांचं, बटबटीत डोळ्यांचं एक ध्यान तुरुतुरु चालत बाहेर पडत होतं.

"पाहा! डोळे भरून पाहा!" निर्मळनाथ महाराजांनी माइक तोंडाशी नेला. "हाच तो ज्वरासुर! या बालकाच्या रक्तात दडून बसला होता. आम्ही ब्रह्मांडीय ऊर्जेचं व्हायब्रेशन दिलं, निगेटिव्ह तरंग खेचले आणि अंगठ्यातून याला बाहेर काढला. डॉक्टरच्या मशीनमध्ये हा दिसेल का?"

"नाय!" मंडप ओरडला.

"का नाही दिसणार?"

मंडपाने एकमेकांकडे पाहिलं. एवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

"कारण मशीनला श्रद्धा नसते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वास्तविक मशीनला श्रद्धा नसते तशी भूकही नसते, म्हणून काही गिरणी पीठ दळायची थांबत नाही. पण हे त्या मंडपात कोण बोलणार? मृणाली, ऋत्विकची आई, डोळे पुसत महाराजांच्या पायांवर वाकली होती. तिची सासू विमलबाई मात्र देवळाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभी होती.

विमलबाई म्हणजे काही देवधर्म न मानणारी बाई नव्हे. गावात कीर्तन ठरलं की सतरंजी अंथरायला पहिली ती आणि झाडून गुंडाळायला शेवटची ती. टाळ हातात घेतला की ताल चुकणाऱ्या मृदंगवाल्याकडे ती अशी बघायची, की त्याचा हात आपोआप ठिकाणावर यायचा. कीर्तनकार बुवांचं आख्यान रंगलं की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि ते पुसायचंही भान तिला राहायचं नाही. म्हणूनच हे महाराज पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत खुपत होते. याच चौथऱ्यावर बुवा उभे राहतात. देवाचं सांगायचं ते उभं राहून, घामाघूम होऊन सांगायचं. आणि हा गृहस्थ त्याच चौथऱ्यावर गादी टाकून बसला होता. मागे लोड, बाजूला टेबलफॅन. भजन म्हणायला तोंड उघडलं की टाळ एकीकडे आणि महाराज दुसरीकडे.

"देवाचा माणूस एक वेळ बेसूर असंल," ती शेजारणीला म्हणाली होती, "पण बेताल? अंहं. ज्याला समोरच्याचा टाळ ऐकू येत नाय, त्याला देव काय ऐकू येणार?"

शेजारीण मैना हळूच म्हणाली होती, "नको गो असं बोलू. शाप देतील."

गणपती विसर्जनानंतर महाराज आले आणि देवळामागच्या ओसरीत ठाण मांडून बसले. त्या सुमाराला गावात तापाची साथ सुरू होतीच. महाराज आल्यावर ती जास्तच बोकाळली. घराघरात पोरं कण्हत होती. महाराजांकडे एकच उपचार होता. तापकऱ्याचे पाय परातीत ठेवायचे, वर 'गंगाजटा' चोळायची आणि ज्वरासुर काढायचा. गंगाजटा म्हणजे तळ्यातलं ओलं हिरवं शेवाळ. महाराजांचा शिष्य हैबतराव रोज सकाळी घमेलं भरभरून ते उपसून आणायचा. महाराज पैशाला हात लावत नसत. हात हैबतराव लावायचा.

"माते," महाराज मृणालीला म्हणाले, "आता हा बालक गावाची शीव ओलांडणार नाही. याला सुई टोचणार नाही. टोचलीत, तर हाच असुर दुप्पट होऊन परत येईल. मग आमच्याकडे यायचं नाही."

"नाय महाराज, नाय नेणार कुठं," मृणाली हात जोडून म्हणाली.

विमलबाईने कपाळावर हात मारला. ऋत्विकला रोह्याच्या दवाखान्यात न्यायचं असं सकाळीच ठरलं होतं. तिचा मुलगा, म्हणजे ऋत्विकचा बाप, रोह्यात कंपनीत होता. सध्या डबल शिफ्ट होती; फोन केला तर म्हणायचा, "आई, तुमी दोघी बघा, सुपरवायझर सोडत नाय." दोघींपैकी एकीने बघितलं होतं, ते असं.

हैबतराव परात उचलून चुन्याच्या मडक्याकडे निघाला. असुरांना तिथे 'मोक्ष' मिळायचा. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, परात कलली आणि हा नि आधीच्या पोराचा असे दोन असुर जमिनीवर सांडले. बायका किंचाळत मागे सरल्या. ऋत्विकची दहा वर्षांची बहीण दिशा मात्र पुढे सरकली. तिने शाळेच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, दोन्ही असुर चिमटीने आत टाकले आणि बाटली दप्तरात लपवली. हे एकट्या विमलबाईने पाहिलं. 

घरी आल्यावर तिने नातीला मागच्या पडवीत धरलं.

"काढ बाहेर."

"काय गो आजी?"

"असुर काढ. दप्तरात ज्वरासुर घेऊन शाळेत जाणारी पोरगी मी आजच बघितली."

दिशाने दोन बरण्या पुढे सरकवल्या; असुर बाटलीतून केव्हाच त्यांत गेले होते. एक लोणच्याची, एक बिस्किटांची. दोन्हींत तळ्याचं पाणी आणि एकेक काटकी. लोणच्याच्या बरणीतला असुर मोठा होता. पाठ फुगलेली, हलेना की डुलेना, रुसलेल्या जावयासारखा काटकीला चिकटून बसलेला. बिस्किटांच्या बरणीतला लहान होता आणि भलताच चळवळ्या.

"ह्याला भूक लागली असंल," दिशा म्हणाली. तिने पडवीतल्या पिंपातून वाटीभर पाणी आणलं. त्या पाण्यात डासांच्या बारक्या अळ्या वळवळत होत्या. वाटी बरणीत रिकामी झाली. लहान असुर क्षणभर दबा धरून बसला. मग त्याच्या तोंडाखालून घडी घातलेल्या हातासारखं काहीतरी सटकन पुढे झेपावलं, अळी पकडली आणि परत तोंडाशी आलं. पुन्हा सटकन. पुन्हा. जागा बदलायची झाली की शेपटीकडून पाण्याची पिचकारी मारून तो एकदम पुढे उडायचा.

"अगो बाय!" विमलबाईचा हात तोंडावर गेला.

"आजी, ज्वरासुर डासाची पोरं खातो!"

विमलबाई खाली बसली. ताप डासांनी पसरतो, हे आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघर फिरून सांगायच्या. आणि तापाचा राक्षस डासांच्याच पोरांना खातो? म्हणजे चोर स्वतःच्या टोळीला पकडून पोलिसात देतो, असंच झालं की.

दुसऱ्या दिवशी दिशा बरण्या शाळेत घेऊन गेली आणि धावतच परत आली. "आजी, हाशिम सर म्हणाले, ही चतुराची पिल्लं हायत! आपण हेलिकॉप्टर म्हणतो ना, शेतावर उडतं ते? त्याचंच पिल्लू. चतुर पाण्यात अंडी घालतो, पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासाच्या अळ्या खातात. मोठी झाली की बाहेर येऊन उडते डास खातात. सर म्हणाले, मोठ्याच्या पाठीवर पंख घडी घालून ठेवलेत, तो आता जेवणार नाय, एक-दोन दिवसांत बाहेर येईल."

विमलबाईने लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. "हे एवढं कुरूप ध्यान? आणि चतुर?"

"सर सांगतात ना!"

"सर सांगतात, महाराज सांगतात. सांगणारे लय हायत. मी बघीन तेव्हा मानीन." तिने बरणी उचलून पडवीत, उजेडाच्या जागी ठेवली. महाराजांना लावायचा तराजू सरांनाही लावायचा, एवढा न्याय त्या बाईकडे होता.

इकडे ऋत्विकचा ताप उतरला होता. गावभर बोभाटा झाला, महाराजांनी एकदा पाय धुऊन ताप काढला! मृणाली नारळ ठेवून आली. पण विमलबाईला काही पटत नव्हतं. ताप गेला की पोरगा उठून चिप्सचं पाकीट मागायचा. हा मुकाट पडून होता. पोट दुखतंय म्हणत होता. हातपाय गारढोण.

संध्याकाळी हाशिम सर स्वतः आले. शेजारच्या खांब गावचे राहणारे, इथल्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवणारे. त्यांनी पोराचा हात धरून पाहिला आणि गंभीर झाले.

"विमलबाई, ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका. हा डेंग्यू असला, तर ताप उतरल्यावरच धोका सुरू होतो. आत्ता न्या. माझ्या भावाची, अर्शदची, रिक्षा आहे. मी बोलावतो."

मृणालीने पोराला छातीशी धरलं. "शीव ओलांडायची नाय. महाराजांनी बजावलंय. सर, तुमी आमच्या देवाधर्मात पडू नका."

"मृणाली!" विमलबाईचा आवाज चढला.

सर शांतपणे म्हणाले, "देवाधर्मात नाही पडत, बाई. पुढच्या वर्षी हा माझ्या वर्गात बसायचाय, त्यात पडतोय."

मृणालीने मान फिरवली. विमलबाईने मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, सकाळी सुटतो नि येतो, तोवर भांडू नका. आईच्या मिठीतून आजारी पोर हिसकावून घ्यायचं तरी कसं? विमलबाई रात्रभर उशाशी बसून राहिली. महाराजांना मनातल्या मनात तिने ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

फटफटलं तेव्हा दिशाने पडवीतून हाक मारली. "आजी! ये गो लवकर, पण हळू!"

मोठा असुर काटकीवर चढून पाण्याबाहेर आला होता. पायांनी काटकी घट्ट धरलेली. बघता बघता त्याची पाठ उभी उलली आणि त्या फटीतून एक ओलसर, फिकट, मऊ जीव बाहेर वाकला. थोडा वेळ उलटा लोंबकळला, मग उठून स्वतःच्याच कातडीला धरून बसला. चुरगाळलेल्या कागदासारखे चार पंख हळूहळू सुटत गेले, लांबले, काचेसारखे झाले. रिकामी कातडी काटकीला तशीच चिकटून राहिली.

"कुणी हात नाय फिरवला," विमलबाई पुटपुटली. "कुणी माइक नाय लावला." तिचे हात आपोआप जोडले गेले. चांगलं कीर्तन ऐकल्यावर जुळायचे, तसे.

मग तिला घरातली शांतता जाणवली. ती आत धावली. अंथरूण रिकामं होतं. उशीच्या अभ्र्यावर, जिथे ऋत्विकचं तोंड होतं तिथे, लाल डाग होता. हिरड्यांतून रक्त आलं होतं आणि मृणाली घाबरून पोराला घेऊन मंडपाकडे पळाली होती.

"दिशा, सरांना फोन करून सांग, रिक्षा थेट देवळाशी आणा. पळ!" विमलबाईने बरणीवर फडकं बांधलं आणि बरणी पदराखाली घेऊन निघाली.

मंडप भरला होता. महाराज नुकतेच स्नान करून, भस्म फासून गादीवर बसले होते. समोर परात मांडलेली, हैबतरावाच्या हातात शेवाळाचं ताजं घमेलं. मृणाली पोराला मांडीवर घेऊन रडत होती.

"रक्त!" महाराज गरजले. "पाहा, दुसरा असुर रक्त पितोय! मी सांगितलं होतं, घरात कुणीतरी शंका घेतली! शंका हेच असुराचं अन्न!"

सगळ्या माना विमलबाईकडे वळल्या.

"मृणाली, ऊठ. रिक्षा येतेय. दवाखान्यात चल."

"आई, एकदा धुऊ दे त्यांना. एकदाच. मग न्या तुमी."

"अहो काकू, मध्ये पडू नका!" मागून दोघेतिघे ओरडले. "पोराच्या जिवावर उठलाव काय?"

विमलबाईने झटकन हिशेब मांडला. आरडाओरडा करणाऱ्या बाईला चार जण उचलून मंडपाबाहेर ठेवतील. पूजा करणाऱ्या बाईला मात्र कुणी हात लावत नाही. ती पुढे झाली, बरणी खांबाशी ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि चौथऱ्यासमोर गुडघे टेकले.

"महाराज, चुकलं माझं. आणि गावाचंही चुकलं. आमच्यात कुणी सत्पुरुष आला तर पहिल्या दिवशी त्याची पाद्यपूजा करतात. बुवा येतात तेव्हा मी स्वतः करते. तुमी इतके दिवस इथं आणि तुमचे पाय कुणी धुतले नायत! म्हणून तर असुर परत येतात."

मंडपात कुजबुज झाली. खरंच की! पाद्यपूजा राहिलीच!

महाराजांना हे ऐकून बरं वाटलं. चेहऱ्यावरचं भस्म हसलं. "होईल माते, होईल. आधी बालकाचं..."

"आधी गुरूचे पाय, मग लेकराचे. उलटं केलं तर पाप कुणाच्या माथी?"

"बरोबर हाय!" लोक म्हणाले. "आधी महाराजांचे!"

विमलबाईने परात पुढे ओढली, महाराजांचे दोन्ही पाय उचलून पाण्यात ठेवले आणि घमेल्यातलं शेवाळ ओंजळभर घेतलं.

हैबतरावाचा चेहरा पडला. महाराजांनी पाय आखडले. "गंगाजटा नको. तुळशीपत्र घे. आम्हाला गंगाजटेची गरज नाही. आम्हीच गंगा."

"मग गंगेला जटा नको कशी? शंकर काय म्हणंल?"

मंडप हसला. त्या हसण्याने महाराजांचा इलाज खुंटला. विमलबाईने कीर्तनाआधी देवाची पितळी घासते तसं ते शेवाळ महाराजांच्या पायांवर घासलं. घोट्यांवर, टाचांवर, अंगठ्यांच्या बेचक्यांत. पिवळ्या पाण्यात एक ध्यान सुटलं. मग दुसरं. मग आणखी.

"अगो बाय! एक, दोन, तीन... अगो, हे बघा चौथं! महाराज, तुमाला केवढा ताप!"

बायकांनी माना पुढे काढल्या. मग कुठलं तरी पोर फिदीफिदी हसलं.

पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केले. "ओम! गावातले सगळे असुर आम्ही आमच्या देहावर ओढून घेतले! भक्तांसाठी संतांना सोसावं लागतं!"

"व्हय व्हय," दोन बायकांनी हात जोडले. मृणालीनेही जोडले. गर्दी अशीच असते, नजर हटली की पुन्हा घसरते.

विमलबाईने महाराजांचे पाय बाहेर काढले, परात उपडी केली, स्वच्छ पुसली आणि नळाच्या कळशीतलं पाणी ओतलं. "मृणाली, इकडं बघ. माझ्याकडं नको बघू, परातीकडं बघ. ह्यात कुणाचे पाय हायत?"

"कुणाचेच नायत."

विमलबाईने घमेल्यातलं उरलेलं शेवाळ त्या रिकाम्या परातीत खळखळून धुतलं. पाणी स्थिरावलं. त्यात तीन ज्वरासुर चालत होते.

"आता सांग, ताप कुणाला आलाय? शेवाळाला?"

मृणालीचे जोडलेले हात सुटले.

"हा असुर नाय गो. हा तळ्यातला जीव हाय. हैबतराव रोज शेवाळ आणतो, त्याला चिकटून हे येतात. पायावर शेवाळ चोळलं की पाण्यात सुटतात. एवढीच विद्या." विमलबाईने बरणी उचलून फडकं सोडलं. "हा तुझ्या पोराच्या पायातून निघालेला ज्वरासुर. काल मी पण मानत नव्हते. आज पहाटे डोळ्यांनी बघितलं. ही बघ त्याची रिकामी कातडी. आणि हा बघ तो."

चतुर बरणीच्या काठावर आला. पंख थरथरले. मग तो उडाला. आधी जड, अडखळत, महाराजांच्या टेबलफॅनवरून, आणि मग मंडपाच्या मोकळ्या बाजूने थेट भाताच्या शेतांकडे.

"हेलिकॉप्टर!" सगळी पोरं एकदम ओरडली.

मागे बसलेले म्हातारे गुणाजी काठी टेकत उठले. "आरं, परातीतला हा जीव तर आमच्या लहानपणी तळ्यावर पाणी पिताना ओंजळीत यायचा. नळ आला नि तळ्यात पाय घालायचं आम्ही सोडलं. गणपती बुडवायला जातो तेवढंच. मीही हात जोडून बसलो होतो त्याच्यापुढं! इसारलोच की रं आम्ही."

"इसारलाव, म्हणून फसलाव," विमलबाई म्हणाली. "हे पिल्लू डासाच्या अळ्या खातं. ह्या दोघांनी तळं खरवडून ही पिल्लं रोज चुन्यात मारली. डास वाढले, पोरं आजारी पडली आणि पोरं घेऊन तुमी ह्याच्याच पायाशी आलाव. औषध मारून ताप विकत होता हा!"

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. मृणाली उठली. महाराज म्हणाले, "माते, शीव ओलांडलीस तर..." पण त्यांचं वाक्य ऐकायला ती थांबली नाही. ऋत्विकला उराशी धरून ती धावतच सुटली आणि तिच्यामागे विमलबाई, हळदीने पिवळे झालेले हात घेऊन.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. डेंग्यूच होता. "वेळेवर आणलंत," परातीची हकीकत ऐकून ते म्हणाले. "अजून थोडा वेळ कुठे परातीत घालवला असतात, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." सलाइन लागलं. शिफ्ट सुटताच पोराचा बापही थेट तिथेच पोचला. ज्या सुईची एवढी धास्ती घातली होती ती सुई टोचली, आणि असुर दुप्पट काय, पावपटही आला नाही. आली ती भूक. पोराने चिप्स मागितले तेव्हा मृणाली सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

"आई, मी..."

"गप. आई घाबरली की तिला कुणीही फसवतं. ज्यानं त्या भीतीचा धंदा केला, त्यानं लाज बाळगावी. तू नको."

महाराजांचं काय झालं ते दिशाने सांगितलं. ज्वरासुर एकदा परत काढून दाखवा, पण शेवाळाशिवाय, असा पोरांनी घोशा लावला. तेव्हा महाराजांना एकाएकी हिमालयाची आठवण झाली. ते खडावा टाकून, अनवाणीच पळाले. हैबतराव मागे राहिला, कारण नारळांची पोती त्याला एकट्याला उचलेनात. पोलीस पाटलांनी त्याला बसवून ठेवला आणि त्याने मग खांबच्या फाट्यापर्यंत पोचलेल्या गुरूचं खरं नाव, गाव, आधीची दुकानं, सगळं पोपटासारखं सांगितलं. अशा लोकांसाठी जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो वापरायला मात्र कुणीतरी तक्रार करावी लागते. ती मृणालीने केली.

तळ्यातलं शेवाळ आता कुणी खरवडत नाही. हाशिम सरांनी पोरांना घेऊन गावातली उघडी पिंपं उपडी केली, कारण पिंपात चतुर राहत नाहीत, तिथे डासांचंच राज्य. तळ्याचं पाणी जिवंत आहे की नाही हे बघायचं तर काठावरच्या गवताला चतुराची कात दिसते का ते बघायचं, एवढं पोरांना आता पाठ आहे.

घरी आल्यावर ऋत्विकला दिशाने पहिल्यांदा तिथेच नेलं. लव्हाळ्याच्या पात्यावर एक पारदर्शक, पाठीत उललेली कात चिकटली होती.

"आजी, ज्वरासुराचा सदरा!" तो ओरडला. "आणि ज्वरासुर कुठं गेला?"

"कामाला गेला," विमलबाई म्हणाली. "बघ, तिकडं भातावर डास खातोय. त्यानं कधी गादी मागितली नाय की माइक मागितला नाय."

बाबांनो, बायांनो, हात जोडायचे तर खुशाल जोडा. चांगलं भजन, चांगलं कीर्तन, पहाटे उलगडणारे पंख, हात जोडण्यासारखं जगात खूप आहे. पण ज्याला हात जोडता, त्याच्या हातांकडे आधी नीट बघा. घमेल्यात काय आहे ते विचारा. परात रिकामी करून दाखवायला सांगा. खऱ्याला त्याचा राग येत नाही. आणि लेकराला ताप आला तर चमत्काराच्या मागे नका लागू. त्याला घेऊन दवाखान्यात पळा. देव कुठे जात नाही, परत आल्यावरही तिथेच असतो.